गुरुवारची तंत्रज्ञान पुरवणी : एका ग्रंथपालाचा अभिप्राय

अमळनेर आणि चोपडा यांच्या मधल्या पट्ट्यात, तापीपासून फार दूर नसलेल्या आमच्या गावात ‘क’ वर्गाचे एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याचा ग्रंथपाल या नात्याने रोज सकाळी वृत्तपत्रांचा गठ्ठा सोडण्याचे काम गेली बारा वर्षे माझ्याकडे आहे. त्या गठ्ठ्यातल्या एका मोठ्या दैनिकाबरोबर दर गुरुवारी चार पानांची तंत्रज्ञान पुरवणी येते. महिनाअखेरीस आम्ही रद्दी विकतो, पण ही पुरवणी मी वेगळी काढून सुतळीने बांधून ठेवत आलो आहे, कारण संगणकाच्या वर्गाला जाणारी मुले ती मागायला येतात. हा अभिप्राय त्या बांधलेल्या गठ्ठ्यांच्या आधारे लिहिला आहे. दैनिकाचे नाव घेत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयी, म्हणजे ज्याचा स्रोत (मूळ आज्ञावली) कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरविषयी, एकतर्फी लिहिण्याच्या ज्या खोडीबद्दल लिहायचे आहे ती आमच्याकडे येणाऱ्या सर्वच वृत्तपत्रांत कमीअधिक प्रमाणात दिसते आणि ती एकाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

आधी पुरवणीचे गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. तिची छपाई स्वच्छ असते, अक्षर वयस्क वाचकांनाही चष्म्याशिवाय लागेल इतके मोठे असते आणि पारिभाषिक शब्दांचा अर्थ चौकटीत दिलेला असतो. ऑनलाइन फसवणुकीवरचे तिचे सदर तर मी भिंतीवर लावतो. बँकेचे नाव सांगून ओटीपी मागणारे फोन, अनुदानाच्या नावाखाली येणाऱ्या खोट्या लिंक, क्यूआर कोड स्कॅन करायला लावून खात्यातून पैसे काढून घेण्याची युक्ती, हे सारे तिने वेळेवर आणि सोप्या भाषेत सांगितले आहे. आमच्या गावातल्या एका केळी उत्पादकाने ते कात्रण खिशात ठेवले होते आणि व्यापारी म्हणून आलेल्या एका फोनवर त्याने पैसे पाठवायला नकार दिला, हे त्याने स्वतः मला येऊन सांगितले. अशा पानासाठी मी पुरवणीचा ऋणी आहे.

परंतु मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा विषय आला की हीच पुरवणी वेगळ्या मापाने मोजू लागते. ते माझ्या लक्षात आले २०२४ च्या एप्रिलमध्ये, कार्यकारी मंडळाच्या एका सभेत. पुस्तकांच्या देवघेवीच्या संगणकीकरणाचा विषय पटलावर होता. परिरक्षण अनुदानातून दरवर्षी शुल्क भरावे लागेल असे एका कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यावे की कोहा बसवावे, असा प्रश्न होता. कोहा हे ग्रंथालयांसाठीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट या सार्वजनिक ग्रंथालय संस्थेने बनवून घेतले. त्यांची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा पेलू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये हे काम सुरू झाले आणि २००० च्या जानेवारीत ते वापरात आले. त्यानंतर त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मी हे सांगत असतानाच मंडळातले आमचे वडीलधारे सभासद नाना यांनी त्या महिन्याच्या पुरवणीचे पहिले पान घडी उलगडून टेबलावर ठेवले आणि अहिराणीत विचारले, “फुकटनं कितला दिन टिकी, भाऊ?”

त्या पानावर एक्सझेड नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या घातपाताची बातमी होती. मथळ्यात फुकट सॉफ्टवेअरमुळे जगभरचे संगणक धोक्यात आल्याचे म्हटले होते आणि मजकुरात जे खुले असते ते कोणीही बिघडवू शकतो असा निष्कर्ष काढला होता. नानांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांनी छापील शब्दावर विश्वास ठेवला, आणि वाचनालयाच्या सभासदाने तसे करावे अशीच माझी इच्छा असते. मला वाईट वाटले ते त्या पानाचे, कारण प्रत्यक्षात घडलेले फार निराळे होते.

एक्सझेड हे फाइली लहान करून साठवण्याचे साधन आहे आणि लिनक्स या मुक्तस्रोत संगणक प्रणालीच्या (विंडोजला पर्याय असलेल्या) बहुतेक प्रकारांत ते असते. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्या कामात मदत करत, एकट्याने ते सांभाळणाऱ्या, थकलेल्या स्वयंसेवकाचा विश्वास मिळवला आणि शेवटी प्रकाशनाच्या फाइलींत चोरवाट दडवली. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती जाहीरपणे उघड केली. संगणकात दूरून प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ लागतो आहे, एवढ्या धाग्यावरून तो तिच्यापर्यंत पोहोचला होता. तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहे, म्हणजे मुक्तस्रोतवाले आणि कंपन्या अशा दोन छावण्यांच्या युद्धाचे जे चित्र पुरवणी नेहमी रंगवते ते येथे मुळातच लागू पडत नव्हते. आमच्या सभेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे हे की आम्ही कोहासाठी डेबियन या लिनक्सची जी स्थिर आवृत्ती वापरणार होतो, तिच्यात ती चोरवाट पोहोचलीच नव्हती. ती चाचणीच्या आणि विकसनाच्या शाखांत सापडली आणि तेथूनच काढून टाकली गेली. पानभर मजकुरात या एका वाक्याला जागा मिळाली नव्हती.

मी असे म्हणत नाही की ती घटना किरकोळ होती. ती अत्यंत गंभीर होती आणि चोरवाट प्रकाशनाच्या फाइलींत दडवलेली असल्यामुळे नुसता स्रोत वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ती सहज दिसली नसती, हेही खरे आहे. चार जणांचे काम एकटा स्वयंसेवक करतो आणि त्याच्या कामावर जगातले सर्व्हर उभे राहतात, ही दुखरी नस आहे. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड ही त्रुटी सापडली, तेव्हा निम्म्या इंटरनेटचे कुलूप सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या. लिहायचे तर यावर लिहावे, आणि एवढे मोठे उद्योग एवढ्या थोड्या माणसांच्या बळावर फुकटात का चालतात, असा प्रश्न विचारावा. पुरवणीने तो २०१४ मध्ये विचारला नाही आणि २०२४ मध्येही विचारला नाही. दोन्ही वेळा तिने खुलेपणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

आता याच पुरवणीचे दुसरे दोन अंक शेजारी ठेवून पाहू. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक अडकले. तो विंडोजमधल्या एका त्रुटीतून पसरला होता. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य ठिकाणी ती बसवलेली नव्हती. १८ मेच्या पुरवणीत यावर पूर्ण पान होते. मथळ्यात संगणक होते, चित्रात टोपी घातलेला हॅकर होता आणि विंडोज हा शब्द शेवटच्या रकान्यात एकदा आला होता. वाचणाऱ्याची समजूत अशी व्हावी की जगातला प्रत्येक संगणक सारखाच आजारी पडला.

दुसरा अंक २५ जुलै २०२४ चा. १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, विमाने खोळंबली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. येथे पुरवणीने मायक्रोसॉफ्टचे नाव घेतले हे मान्य केले पाहिजे, जरी सर्व्हर बंद पडल्याचे तिचे निदान चुकीचे होते आणि मूळ चूक दुसऱ्या कंपनीची होती. परंतु एक्सझेडच्या वेळी जो निष्कर्ष तत्परतेने काढला गेला त्याच्या तोडीचे काही येथे नव्हते. ज्याचा स्रोत बाहेरच्या कोणालाही पाहता येत नाही, अशा सॉफ्टवेअरला संगणकाच्या गाभ्यापर्यंत प्रवेश देणे कितपत शहाणपणाचे, असे कोणी विचारले नाही. एका बाजूची चूक हा तिचा स्वभाव ठरतो आणि दुसऱ्या बाजूची चूक हा अपघात ठरतो. मला आक्षेप घ्यायचा आहे तो नेमका येथे.

व्हीएलसीचे प्रकरण आमच्या गावात अधिक झोंबले. व्हीएलसी हा चित्रफिती पाहण्याचा प्लेअर आमच्याकडच्या प्रत्येक लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे आहे, शाळेच्या संगणकांवर आहे आणि आमच्या वाचनालयातही आहे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या कामातून तो उभा राहिला आणि आज व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था तो चालवते. २०२२ च्या फेब्रुवारीपासून भारतातून या संस्थेचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सिमँटेक या संगणक सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी असे दाखवले होते की चीनशी जोडला जाणारा एक हॅकर गट व्हीएलसीच्या मूळ, निर्दोष प्रतीशेजारी आपली घातक फाइल ठेवून तिच्याकरवी ती चालवतो. चोराने घरमालकाची शिडी वापरली तर शिडी चोर ठरत नाही. ऑगस्टमध्ये मात्र या दोन गोष्टी एकत्र शिवल्या गेल्या आणि बंदी आल्याचे, त्यामागे चीन असल्याचे मथळे सर्वत्र झळकले. आमच्या पुरवणीत चिनी अॅपच्या बंदीच्या चित्राशेजारीच व्हीएलसीचा नारिंगी शंकू छापला होता. त्या आठवड्यात तीन पालक माझ्याकडे आले. मुलाच्या लॅपटॉपमधले चिनी सॉफ्टवेअर काढून द्या, अशी त्यांची विनंती होती. फ्रेंच संस्थेच्या नावावर चीनचा शिक्का मारायला एक चित्र पुरेसे झाले.

व्हिडिओलॅनने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या भारतीय संस्थेने तिला साहाय्य केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अडथळा उठला. ऑगस्टची बातमी पहिल्या पानावर, पाच रकान्यांत होती. नोव्हेंबरचे चारही अंक मी पुन्हा उलटून पाहिले. त्यांत अडथळा उठल्याची एक ओळही नाही. त्या तीन पालकांना मी स्वतः निरोप पाठवला.

हे सारे कोणी कट करून घडवते असे मला वाटत नाही. मजकूर कोठून येतो हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. मोठी कंपनी नवा फोन किंवा नवी प्रणाली आणते तेव्हा मुंबईत किंवा बेंगळुरूत कार्यक्रम होतो, पत्रकारांना बोलावणे जाते, वापरून पाहायला उपकरण दिले जाते, आणि प्रसिद्धिपत्रक छायाचित्रांसह थेट संपादकाच्या मेलवर पडते. त्याचे भाषांतर केले की अर्धे पान भरते. डेबियनसारख्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाकडे असे काहीच नाही. १० जून २०२३ रोजी डेबियनची बारावी आवृत्ती आली, पण त्या महिन्याच्या एकाही अंकात तिचा उल्लेख नाही. विंडोज ११ मात्र २०२१ च्या ऑक्टोबरात सलग तीन अंकांत होते. म्हणून मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरवणीच्या दारात येते ते बिघाड होतो तेव्हाच. प्रत्येक अंकात निदान दीड पान अँड्रॉइड फोनचे असते, पण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, हे मी तेथे वाचलेले नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान असे पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. आपल्या मराठी वृत्तस्थळांपैकी अनेकांचा डोलारा वर्डप्रेस या मुक्तस्रोत प्रणालीवर उभा आहे. जे चालते त्याला नाव नाही आणि जे मोडते त्याला मोठ्या टाइपात नाव आहे, असा हा व्यवहार आहे.

या विषयात जाहिरात आणि मजकूर यांच्यामधली रेघ पुसट होणे नवे नाही. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या जाहिरात मानक प्राधिकरणाने मायक्रोसॉफ्टची एक जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली होती. लिनक्स विंडोजच्या दहापट महाग पडते, असा तिचा दावा होता, आणि तुलना केली होती ती मेनफ्रेम या महागड्या, मोठ्या संगणकावरच्या लिनक्सची साध्या सर्व्हरवरच्या विंडोजशी. ती निदान जाहिरात होती, म्हणून तिची तपासणी झाली. असाच दावा बातमीच्या रूपात आला तर तक्रार कोठे करायची, हा प्रश्न उरतो.

शब्दाची गोष्ट मला सर्वांत लागते, कारण ती आपल्या भाषेची आहे. इंग्रजीत फ्री या एका शब्दाला दोन अर्थ आहेत आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांना १९८०च्या दशकापासून ते समजावत फिरावे लागले. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे मुक्त आहे, मोफत आहे आणि फुकट आहे, आणि तिन्हींच्या छटा लहान मुलालाही कळतात. पुरवणी या तिघांतून नेमका फुकट उचलते, ज्यात आधीपासूनच तुच्छता भरलेली आहे. वाचनालयाच्या पाटीवर आम्ही मोफत वाचनकक्ष लिहितो, फुकट वाचनकक्ष लिहीत नाही.

त्या सभेत मी नानांना म्हणालो, “नाना, तुम्ही तुमच्या मळ्यातले केळीचे मुनवे शेजाऱ्याला देता, तो ते लावतो, पुढे त्याच्या मळ्यातून तिसऱ्याला जातात. कोणी परवानगी मागत नाही, आणि कोणता मुनवा निरोगी हे प्रत्येक जण स्वतः निवडून घेतो. पण कापसाच्या संकरित बियाण्याचे पाकीट दरवर्षी नवे घ्यावे लागते, आणि आत काय आहे ते कंपनी सांगेल तेवढेच आपल्याला कळते.” नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले की मुनव्यातून रोगही पसरतो, त्याचे काय. प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हणालो की म्हणूनच निवडून घ्यावे लागतात आणि लक्ष ठेवावे लागते. मुक्तस्रोत घेतले म्हणजे राखण सुटली असे होत नाही. ही एवढी सोपी तुलना पुरवणीच्या लेखकाला करता आली असती. खान्देशातला वाचक ती एका दमात समजतो.

कोहा बसले. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्याच गावच्या एका तरुणाने दोन शनिवार-रविवार खर्चून ते बसवले. खर्च झाला तो एका जुन्या संगणकाचा, भारनियमनासाठी इन्व्हर्टरचा, बारकोड वाचणाऱ्या यंत्राचा आणि त्याच्या येण्याजाण्याचा. दाखल नोंदवहीतली पुस्तके संगणकावर चढवायला मला आणि दोन मुलींना सात महिने लागले. पैसे वाचले, श्रम वाचले नाहीत, आणि हे मी मंडळाला लेखी दिले आहे. अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या गिरणीतून विप्रो कशी उभी राहिली, याची गोष्ट ही पुरवणी दर दोन वर्षांनी छापते आणि ती छापावीच, ती आमच्या अभिमानाची आहे. त्या तरुणाची गोष्ट मात्र मी दोन वेळा लिहून पाठवली, तिची पोचही आली नाही.

पक्षपात कधीकधी उलट्या बाजूनेही होतो. लिनक्सला विषाणू लागतच नाही, असे विधान याच पुरवणीत मी दोनदा वाचले आहे, आणि ते खोटे आहे. अलीकडे मेटाच्या लामा या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलला ती सरसकट मुक्तस्रोत म्हणते. परंतु त्याच्या परवान्यात ७० कोटींहून अधिक मासिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी घ्यायला लावणारी अट आहे, आणि मुक्तस्रोत कशाला म्हणावे याची व्याख्या करणारी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था त्याला मुक्तस्रोत मानत नाही. स्वयंसेवकांच्या कामाला फुकट म्हणायचे आणि कंपनीच्या अटी घातलेल्या मालाला मुक्त म्हणायचे, असा हा उलटा न्याय झाला.

चूक होणे मला समजते. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला, की आपल्या मालकीच्या युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीचा भाग लिनक्समध्ये घातला गेला आहे. फोर्ब्स या अमेरिकी नियतकालिकाचे डॅनियल लायन्स यांनी त्या दाव्याला बळ देणारे लेखन केले होते. २००७ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने युनिक्सचे हक्क एससीओकडे नसून नॉव्हेल या दुसऱ्या कंपनीकडे असल्याचा निकाल दिला आणि पुढच्याच महिन्यात लायन्स यांनी आपण फसलो हे स्वतःच्या नावाने लिहून टाकले. चार वर्षे लागली, पण त्यांनी ते लिहिले. व्हीएलसीच्या बाबतीत माझी पुरवणीकडून याच्या दहाव्या हिश्श्याची अपेक्षा होती.

पाचपैकी गुण द्यायचे तर फसवणुकीच्या सदराला मी पाच देईन, फोनच्या पानांना तीन देईन आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयीच्या लेखनाला एक देईन. दैनिक आम्ही बंद केलेले नाही, कारण ते बंद केले तर ते पाच गुणांचे पानही जाईल. मात्र या वर्षापासून गुरुवारची पुरवणी वाचनकक्षात लावण्यापूर्वी मी ती पूर्ण वाचतो, आणि जेथे बातमी अर्धी आहे तेथे उरलेले अर्धे एका चिठ्ठीवर लिहून पानाला टाचतो. एक्सझेडचे ते जुने कात्रण नानांनी मला परत दिले आहे. ते देवघेवीच्या टेबलाजवळ, कोहाच्या संगणकाच्या वरच्या बाजूला चिकटवले आहे, आणि त्याखाली डेबियनच्या स्थिर आवृत्तीविषयीच्या दोन ओळी नानांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत.